गरिबी मोजायची कोणी?

लाडकी बहीण योजनेची छाननी सुरू झाली आणि ‘बोगस लाभार्थी’ हा शब्द जळगावच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. तेव्हापासून वाद दोनच सुरांत चालू आहे. एक सूर म्हणतो, याद्या साफ करा, चारचाकीवाले काढा, आधार जोडा, ई-केवायसी करा, म्हणजे उरतील ते खरे गरीब. दुसरा सूर म्हणतो, छाननी हे नावं कापण्याचं निमित्त आहे, आहे ती यादी राहू द्या. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण भांडण यादीपुरतंच. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या एखाद्या पाड्यात कोणत्या घरात गरिबी आहे, ती कशामुळे आली आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात ती घराच्या गळ्याशी येते, हे कुठे लिहून ठेवलंय का? हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरं तर तो यादीच्या आधीचा आहे.

माझं म्हणणं असं आहे. गरिबी मोजणं आणि लाभार्थी ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण ती एकाच फॉर्मवर उरकतो आणि दोन्ही बिघडवतो. पहिलं काम गावाकडे, किंबहुना पाड्याकडे आणि वस्तीकडे द्यावं. दरवर्षी घरोघरची स्थिती तिथल्याच माणसांनी एका वहीत लिहावी, ती वस्तीसमोर तपासून घ्यावी आणि ग्रामपंचायतीचा आराखडा त्या वहीवरून तयार व्हावा. लाभाचे निकष सरकारने ठरवावेत आणि त्याची जबाबदारीही सरकारनेच घ्यावी. अन्यायाविरुद्ध दाद मागताना ही वही पुरावा म्हणून चालावी, पण वहीतल्या एका ओळीने कोणाचं रेशन आपोआप बंद होऊ नये.

आजवरच्या याद्यांचा इतिहास काय सांगतो? २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण. घरात माणशी कपडे किती, दिवसाला किती वेळा जेवता, कर्ज कोणाकडून घेतलंय, असे ते प्रश्न. बावन्नपैकी जितके गुण कमी, तितके तुम्ही गरीब. पण गंमत पुढेच होती. राज्यात एकूण किती कुटुंबं गरीब दाखवायची याला वरून कमाल मर्यादा होती. म्हणजे मोजणी व्हायच्या आधीच उत्तर ठरलेलं. मग कोणाचे गुण कुठे कमी-जास्त झाले याची चर्चा गावोगाव वर्षानुवर्षं चालली, त्यात नवल काय? २०११ ला सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षण झालं. घरात फ्रीज आहे, दुचाकी आहे, लँडलाइन आहे, की तुम्ही गरिबीतून बाद. त्याचे आकडे जाहीर व्हायला जुलै २०१५ उजाडला आणि त्याच आकड्यांवर घरकुलं वाटली गेली. राहिलेल्यांसाठी पुढे आवास प्लसची पाहणी झाली, ‘ड यादी’ आली आणि ‘ड यादीत नाव हाये का?’ हा खेड्यातला नेहमीचा प्रश्न होऊन बसला. दुचाकी आणि फ्रीजची अट काढायला २०२४ पर्यंत थांबावं लागलं. तोवर किती जण निव्वळ जुन्या मोटारसायकलपायी छपराखाली राहिले असतील?

ती मोटारसायकल आली कुठून, हे मात्र एकाही सर्वेक्षणाने विचारलं नाही. दिवाळी झाली की नंदुरबार आणि साक्रीकडच्या टोळ्या बारडोली-सुरतेच्या पट्ट्यात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. त्या उचलीतून कोणी लग्न करतो, कोणी दवाखाना भागवतो आणि एखादा जुनी गाडी घेतो, कारण एस.टी. पाड्यापर्यंत येत नाही आणि बाजार पंधरा-वीस किलोमीटरवर. ही गाडी म्हणजे अंगावर घेतलेलं काम, पुढच्या सहा महिन्यांची मजुरी आधीच खाऊन बसलेली. फॉर्मवर ती मालमत्ता ठरते! आणि जानेवारीत पाहणीला कोणी आलाच, तर दाराला कुलूप. अंगणात म्हातारी, दोन शेळ्या आणि शाळेसाठी मागे ठेवलेला एखादा नातू. म्हातारी मावची किंवा पावरी बोलते, पाहणारा मराठीत विचारतो, ॲपला मोबाइलवरचा ओटीपी हवा असतो आणि तो मोबाइल असतो बारडोलीच्या फडात. पाहणारा दाराचा फोटो काढतो, ‘कुटुंब उपलब्ध नाही’ लिहितो आणि पुढच्या घराकडे वळतो. यात त्या माणसाचा काही दोष नाही. त्याला संध्याकाळपर्यंत ठरलेली घरं संपवायची असतात. पण शेजारच्या घरातल्या बाईला हे कुटुंब कुठे गेलंय, उचल किती घेतलीय, किती फेडलीय आणि म्हातारीला डाळ कोण आणून देतं, हे सगळं माहीत असतं. तिला कोणीच विचारत नाही.

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. म्हणजे माणूस ओळखण्याचं देशातलं सर्वांत मोठं यंत्र खानदेशातून सुरू झालं. त्यानंतर नीती आयोगाने बहुआयामी गरिबीचा, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मिळून मोजलेल्या गरिबीचा, पहिला अहवाल काढला. २०१५-१६ च्या आकड्यांवर आधारलेल्या त्या अहवालात नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त लोक, जवळपास ५२ टक्के, गरीब निघाले. राज्याची सरासरी होती १५ टक्क्यांच्या आत. पुढच्या अहवालात नंदुरबारचा आकडा ३३ टक्क्यांच्या आसपास आला. सुधारणा झाली हे मान्य. पण मोलगीच्या एखाद्या सरपंचाने या आकड्याचं करायचं काय? माणूस कोण आहे हे आधार सांगतं. जिल्हा कसा आहे हे नमुना पाहणी सांगते. या दोन्हींच्या मधली जागा, म्हणजे हे घर असं का आहे, ती कोरीच राहते. नेमक्या त्या कोऱ्या जागेवर ग्रामपंचायतीने दरवर्षी विकास आराखडा करायचा असतो.

तो कसा होतो हे कोणाला सांगायला नको. ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणून प्रशिक्षणं झाली, शिवारफेऱ्यांचे फोटो निघाले. प्रत्यक्षात डिसेंबर उलटला की ग्रामसेवक आणि संगणकचालक मागच्या वर्षीचा आराखडा उघडतात, रकमा बदलतात आणि पोर्टलवर चढवतात. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतले ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठी बंधित होते. उरलेले ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचे होते. त्यातून काय आलं? पेव्हर ब्लॉक, गटार, एलईडी दिवे, कमान. मला पेव्हर ब्लॉकचं वावडं नाही. चिखलातून सुटका होते, ठेकेदाराचंही भलं होतं. पण समजा, पाड्यावरच्या वहीत लिहिलेलं असतं की चाळीस घरांपैकी अठरा घरं दिवाळी ते होळी बाहेर असतात, त्यातल्या सातांची मुलं सोबत जातात आणि पाच घरांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना जेवण करून घालायला कोणी नसतं. मग पहिली गरज दिव्याची ठरली असती की मुलांच्या हंगामी वसतिगृहाची? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ही आपल्या नियोजनाची रीतच झाली आहे, आणि त्याचं कारण नुसता भ्रष्टाचार नाही. आग कुठे आहे ते कागदावर नसतंच.

आता विरोधातलं सगळ्यांत दमदार म्हणणं घेऊ. गाव म्हणजे काही संतांची मांदियाळी नाही. गावात भाऊबंदकी आहे, जात आहे, सरपंचाचा गट आणि विरोधी गट आहे. वही गावाकडे दिली तर ती पाटलाच्या ओसरीवरच लिहिली जाईल. हे खरं आहे, आणि यासाठी दूरची उदाहरणं शोधायला नकोत. १८५२ मध्ये इंग्रजांनी खानदेशात जमीन मोजणी आणली तेव्हा सावदा, रावेर, चोपडा भागात लोक हजारोंनी जमले आणि मोजणीवाल्यांना परत जा म्हणाले. शेवटी फौज आणून पुढाऱ्यांना पकडावं लागलं. आपण त्याला रयतेचा उठाव म्हणतो, आणि सारा वाढेल ही रयतेची भीती खरीच होती. पण मोजणीने आपले जुने हक्क, आपली वरकड कमाई उघडी पडेल ही गावच्या वतनदारांची भीतीही त्यात मिसळलेली होती. ‘गाव म्हणतं’ असं कोणी म्हटलं की गावातलं नेमकं कोण म्हणतं, हे विचारावंच लागतं.

पण या आक्षेपावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. आज जी यादी होते ती गावातल्या बलवानांच्या हाताबाहेर होते का? ॲप हातात धरणारा माणूस कोणाच्या घरी चहा घेतो, कोणत्या गल्लीत आधी जातो, ‘तिकडं जाऊ नका, तिकडं कोणी नसतं’ असं त्याला कोण सांगतं? हात तेच असतात, फरक इतकाच की ते कोणाला दिसत नाहीत. गावाच्या अंदाजावर सरकारने कधी विश्वास ठेवलाच नाही असंही नाही. पिकाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदा रुपयात किती पैसे पीक आलं याचा अंदाज, गावपातळीवरची समितीच काढते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, नाहीतर नाही. पैसेवारीवरून दरवर्षी ओरड होते, वरून आकडे फिरवल्याचे आरोप होतात, मोर्चे निघतात. पण म्हणून गावाला विचारूच नका, असं कोणी म्हणतं का? ऑगस्ट २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच आपलं पीक सातबाऱ्यावर नोंदवायचं आहे. रानात कापूस आहे की मका, हे सांगायला तो विश्वासाचा. घरात धान्य कधी संपतं हे सांगायला मात्र नाही!

शिवाय मी ‘गाव’ म्हणत नाही, ‘पाडा’ म्हणतोय, ते उगाच नाही. सातपुड्यातली ग्रामपंचायत म्हणजे टेकड्यांवर विखुरलेले पाडे. ग्रामसभा होते मुख्य गावात आणि दोन डोंगर पलीकडचा माणूस तिथे पोचेपर्यंत ठराव झालेले असतात. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या २०१४ च्या नियमांनी अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागण्याची वाट मोकळी केली आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं ग्रामपंचायतीचा कायदा राज्यभरासाठी सांगतो. वीस-पंचवीस चुलींच्या वस्तीत खोटं बोलणं अशक्य नसतं, पण महाग पडतं. वनहक्क कायद्यातही हेच दिसलं. त्या कायद्याच्या नियमांनी वृद्धांचा लेखी जबाब पुरावा म्हणून मान्य केला, ग्रामसभेच्या वनहक्क समितीने रानात जाऊन हद्दी पाहिल्या. त्याआधी १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्तीची परिषद भरली, तेव्हाही आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा हिशेब सातबाऱ्यावर सरळ वाचता येत नव्हता. कोणती पट्टी कोणाची, कोणत्या कर्जापायी गेली, हे माणसांच्या तोंडीच होतं. जमिनी परत देण्याचा कायदा त्यानंतर, १९७४ चा. तोंडी माहितीला कागदाचं बळ मिळतं तेव्हा काय होतं, हे खानदेशाने पाहिलेलं आहे.

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. वहीत नाव लागलं की काहीतरी मिळणार, हे कळल्यावर सगळेच गरीब होतील. आणि रावेरच्या केळीपट्ट्यातला ‘गरीब’ आणि अक्राणीतला, म्हणजे धडगाव तालुक्यातला ‘गरीब’ एकाच मापाने कसे मोजणार? राज्याने निधी वाटायचा कशावर? या आक्षेपातला पहिला भाग नेमका माझ्या मुद्द्यावर येऊन टेकतो. लाभ आणि नोंद एकाच दोरीला बांधलेत म्हणून तर माणूस नोंदीत खोटं बोलतो. वहीतली ओळ थेट घरकुलात किंवा पंधराशे रुपयांत बदलत नाही, तर पाड्यावर विहीर आधी की रस्ता, हे ठरवायला वापरली जाते, असं दोन-चार वर्षं दिसलं, की खोटं बोलण्याचा नफा उरत नाही. मोह पूर्ण जाणार नाही, कमी होईल. दुसऱ्या भागाला उत्तर सरळ आहे: तुलना वहीवर करायचीच नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांत निधी वाटायला नमुना पाहण्या आहेत, त्या वापरा. गावात पोचलेला निधी गावातल्या गावात कुठे जावा, एवढंच काम वहीचं. रावेरच्या मजुराकडे पक्कं घर असेल, पण केळीच्या बागेत रोजंदारी नसलेल्या दिवसांचं काय, हा त्याचा प्रश्न. अक्राणीतल्या माणसाच्या नावावर वनपट्टा असेल, पण उतारावरच्या त्या रानात पावसाळ्यानंतर काय, हा त्याचा. दोघांना एका रेषेवर उभं करण्याचा अट्टहास हवाच कशाला?

हे कुठे झालंय का? फिलिपाइन्समध्ये १९९०च्या दशकात हा प्रयोग सुरू झाला. स्थानिक माणसांनीच घरोघर माहिती घ्यायची, ती गावाला दाखवून पडताळायची आणि स्थानिक आराखड्यात वापरायची. पलावान प्रांताने तो लवकर उचलला आणि २०१९ मध्ये त्याचा देशव्यापी कायदा झाला. आता दर तीन वर्षांनी ही मोजणी करायची आहे. केरळने २०२१ मध्ये अतिदारिद्र्यातली कुटुंबं शोधायला सुरुवात केली. वॉर्डापासून सुरुवात, मग ग्रामसभेची मान्यता. ६४,००६ कुटुंबं निघाली आणि प्रत्येकासाठी वेगळा छोटा आराखडा झाला. कोणाला घर हवं होतं, कोणाला रोजचं औषध, कोणाकडे रेशनकार्डच नव्हतं. १ नोव्हेंबर २०२५ ला केरळने अतिदारिद्र्य संपल्याची घोषणा केली तेव्हा अर्थतज्ज्ञांनी पद्धतीवर प्रश्न विचारले, आणि विचारायलाच हवे होते. घोषणेचा ढोल मलाही खटकला. पण माझ्या कामाचा भाग घोषणेचा नाही. एका घराची गरिबी दुसऱ्या घराच्या गरिबीसारखी नसते, हे सरकारी कागदाने तिथे मान्य केलं, तो आहे.

तिसरा आक्षेप अब्रूचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गरिबालाही लागू आहे. चारचौघांत आपल्या चुलीचा पंचनामा व्हावा असं कोणाला वाटेल? त्यातून सभेत समोर सावकारच बसलेला असला, तर कर्ज खरं कोण सांगेल? इथे मी पुष्कळ मान्य करतो. काही रकाने मोठ्याने वाचायचेच नाहीत: कर्ज, आजार, घरातली मारहाण. त्यांची फक्त पाड्यावरची बेरीज सांगावी, नावं नाहीत. ती माहिती बायकांच्या सभेत किंवा बचतगटात, विश्वासाच्या माणसापाशी घ्यावी. पण आज अब्रू कुठे झाकलेली आहे? पिवळं कार्ड, केशरी कार्ड हातात धरून रांगेत उभं राहणं, घरासमोर उभं करून फोटो काढून घेणं, अंगठा लागत नाही म्हणून चार माणसांत परत पाठवलं जाणं, हे सगळं चव्हाट्यावरच तर चालतं. फक्त त्या माहितीचा उपयोग ज्याची ती आहे त्याला होत नाही.

राहिला चौथा मुद्दा, तोही वजनदार: यादीच कशाला हवी? १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, १९७७ ला तिचा कायदा केला, आणि तिथे गरीब कोण हे कोणी मोजलं नाही. उन्हात खडी फोडायला आला तो गरजू, संपलं. धान्य, शाळा, दवाखाना, काम या बाबतीत हेच तत्त्व चालावं असं मलाही वाटतं. जे सर्वांना देता येतं ते सर्वांना द्यावं, गाळण्या लावू नयेत. पण हमीचं काम मागायला जो येऊच शकत नाही, अपंग, बाळंतीण, क्षयाने खंगलेला, तो त्या हजेरीपटावर कसा दिसणार? आणि काम कुठे काढायचं, कोणत्या ओढ्यावर बंधारा घातला तर ऊसतोडीला जाणारी घरं थांबतील, हे हजेरीपट सांगत नाही.

उरतो प्रश्न हे करायचं कोणी. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवायचं असेल तर हा लेख फाडून टाका. त्यांच्याकडे आधीच इतकी ॲपं आहेत की मूल वजनकाट्यावर ठेवायला हात मोकळा राहत नाही. पाड्यातले दहावी-बारावी झालेले दोन तरुण, त्यातली एक मुलगी, त्यांना महिनाभराची रीतसर मजुरी, आणि ती अबंधित निधीतून. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ एप्रिल २०२६ पासूनचा. त्या पैशात या कामाचा खर्च आधीच बाजूला काढायला हवा. खानदेशाला हे अगदीच नवखंही नाही. २००७ मध्ये आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख ठेवायचा प्रयोग राज्यात पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात नंदुरबार होता. गावोगावच्या समित्यांनी उपकेंद्राला लाल-पिवळे-हिरवे शेरे दिले आणि जनसुनावणीत डॉक्टरांना समोर बसवून प्रश्न विचारले. अक्षरओळख नसलेल्या बायका लाल रंगाचा अर्थ बरोबर सांगत होत्या.

आणि मोजणी कधी करायची, हेही पाड्यालाच विचारा. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यातल्या पहिलीला कोयतेवाले फडात असतात, दुसरीला अनेक जण वाटेत, आणि उरलेल्या दोन्हींना शेतीची कामं. सातपुड्यातला माणूस होळीला मात्र घरी येतो, मुकादमाशी भांडून येतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला जी गर्दी लोटते तीच या जिल्ह्याची खरी पटसंख्या. होळीच्या त्या आठवड्यात पाड्यावर वही उघडायची. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही, ग्रामसभेचा ठराव पुरतो.